सावली कुणाची? उत्तरेकडच्या परसातल्या हेलेबोरचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर इंग्लंडातलं, रेडिंग शहराच्या बाहेरच्या वसाहतीतलं. विटांचं, दुमजली, एका अंगाने शेजाऱ्याला चिकटलेलं. नवरा-बायको दोघंही नोकरीला, शाळेत जायला लागलेली मुलगी, आणि दरवर्षी काही महिने येऊन राहणाऱ्या साताऱ्याच्या सासूबाई. नावं मुद्दाम देत नाही. घरच्या बाईंना इथे ताई म्हणतो. ओळखीतले सगळे त्यांना तसंच म्हणतात.

घर २०२० च्या जूनमध्ये पाहिलं आणि घेतलं. रस्ता दक्षिणेला, बाग मागे उत्तरेला. जूनमध्ये मागच्या अंगणात ऊन नुसतं सांडलेलं होतं, त्यामुळे दिशेचा विचार कुणी केला नाही. ऑक्टोबरात ऊन मागच्या अंगणातून उठलं ते मार्चपर्यंत धड परत आलंच नाही. इथे घर घेणाऱ्या आपल्या लोकांचं हे नेहमीचं आहे. वास्तूत पूर्व-पश्चिम पाहतात, मुख्य दार कुठे उघडतं ते पाहतात. पण मागची बाग कोणत्या दिशेला आहे हे विचारायचं राहून जातं.

बाग बारा मीटर लांब, सात मीटर रुंद. घराच्या मागच्या भिंतीलगत शेवाळलेला ओला पट्टा. पूर्वेच्या कुंपणाशी, घरापासून सात-आठ मीटरवर, जुनं सफरचंदाचं झाड. आणि अगदी टोकाला शेजाऱ्याची लेलँडी, म्हणजे सुरूसारख्या झाडांचं कुंपण, चार मीटर उंचीची बाराही महिने हिरवी भिंत.

२०२१ च्या फेब्रुवारीत ताई गार्डन सेंटरमध्ये गेल्या. बाहेर थंडीने सगळं करपलेलं आणि आत टेबलभर हेलेबोर फुललेले: जांभळट काळे, फिकट हिरवे, गुलाबीवर लाल ठिपके असलेले, पांढरे. ज्याने हा ऋतू पाहिलाय त्याला त्या टेबलासमोरून रिकाम्या हाताने येणं किती अवघड असतं ते माहीत आहे. आठ रोपं आली, एकेक दहा ते पंधरा पौंडांच्या घरात. चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘सावलीसाठी’. ताईंनी हिशेब केला की बागेत सगळ्यात अंधारी जागा लेलँडीखालची, तिथे दुसरं काही येतही नाही, तर सावलीचं झाड तिथेच लावावं. आठही रोपं तिथे गेली आणि वर सालीच्या तुकड्यांचा जाड थर पसरला गेला.

ज्यांनी हे झाड पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या सह्याद्रीतली मोरवेल ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे. साधारण वीस जाती आहेत, बहुतेक युरोपातल्या आणि आसपासच्या, एक चीनमधली. बागांमधून दिसतात ते मुख्यतः संकर, ‘लेंटन रोझ’ नावाने ओळखले जाणारे. गुडघ्याखालीच राहणारं रोप, हाताच्या पंजासारखी चामट पानं, आणि जानेवारी ते एप्रिल खाली मान घालून उभी फुलं. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती खरं तर निदलं, म्हणजे फुलाची बाहेरची आवरणं आहेत. फुलाच्या आत खऱ्या पाकळ्यांच्या बारीक नळ्या झाल्या आहेत आणि त्यांत मध असतो. निदलं गळत नाहीत, म्हणून एकच फूल दोन-दोन महिने झाडावर दिसतं, फक्त हळूहळू हिरवट होत जातं.

समस्या

२०२२ च्या वसंतात आठ रोपांत मिळून जेमतेम चार-पाच फुलं आली. पानं आली ती आधीच्या वर्षीपेक्षा लहान. मग तो उन्हाळा आला. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडात पहिल्यांदाच पारा ४० अंशांच्या वर गेला. लिंकनशरमधल्या कनिंग्जबीला ४०.३ अंशांची नोंद झाली. पाऊस नाहीच. २४ ऑगस्टपासून थेम्स वॉटर या पाणीपुरवठा कंपनीने नळीने पाणी घालायला बंदी केली. मी बाग पाहायला गेलो तेव्हा रोपं जमिनीला चिकटून पडली होती, पानांच्या कडा तपकिरी, आणि एक रोप तर नुसता काळा ठोंब झालेला.

ताईंचं म्हणणं असं की झाडच नाजूक आहे, आपल्याला जमणार नाही. यजमानांचा निष्कर्ष वेगळा होता, आणि तो जास्त महागात पडणारा होता. लेलँडीने सगळं ऊन अडवलंय, म्हणून रोपं मरतात, असं ते म्हणत. त्यांनी कायदा वाचून ठेवला होता. २००३ च्या कायद्यात उंच कुंपणांसाठी वेगळा भाग आहे. दोन किंवा जास्त सदाहरित झाडांची रांग दोन मीटरपेक्षा उंच असेल आणि तिच्या उंचीमुळे शेजाऱ्याला आपलं घर-अंगण नीट उपभोगता येत नसेल, तर काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, तक्रार करता येते. आधी शेजाऱ्याशी बोलून पाहिल्याचं दाखवावं लागतं आणि काउन्सिल फी घेऊ शकतं. यजमानांचा अर्ज अर्धा भरून झाला होता.

जागेची पाहणी

इथे पहिला निर्णय अडला होता आणि तो बागकामाचा नव्हता, भूगोलाचा होता. लेलँडी बागेच्या उत्तरेला आहे. सूर्य दक्षिणेकडून येतो. उत्तरेच्या झाडाची दुपारची सावली उत्तरेला, म्हणजे शेजाऱ्याच्याच अंगणात पडते. बागेत अंधार होता तो ताईंच्या स्वतःच्या घराचा.

आकडे मांडले की वाद उरत नाही. या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे १५ अंश वर येतो. आठ मीटर उंचीच्या घराची सावली तेव्हा तीस मीटर लांब जाते; बाग तर बाराच मीटर. मार्चच्या विषुवदिनी सूर्य साडेअडतीस अंशांवर, सावली दहा मीटर. जूनमध्ये ६२ अंश, सावली सव्वाचार मीटर. लेलँडी उद्या मुळासकट काढली तरी डिसेंबरात एक किरण जास्त येणार नव्हता. आकाशाचा उजेड थोडा वाढला असता, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं आली असती, इतकंच. यजमान इंजिनिअर माणूस. त्यांनी कागदावर त्रिकोण काढला, दोनदा तपासला आणि अर्जाची फाइल बंद केली. शेजाऱ्याशी भांडण होता होता राहिलं.

मग रोपं मरत का होती? त्यासाठी खुरपं घेऊन बसावं लागलं. लेलँडीखाली वीतभर खणायचा प्रयत्न केला तर खुरपं आत जाईना. तपकिरी, केसांसारख्या मुळांचं जाड जाळं, काथ्याच्या गादीसारखं, आणि त्यात अडकलेली माती राखेसारखी कोरडी. आदल्या आठवड्यात एक सर येऊन गेली होती, पण तिचा मागमूस नव्हता. सदाहरित झाड पाऊस वरच्या वर झेलतं आणि जे खाली येतं ते मुळं पिऊन टाकतात. शिवाय रोपं खोल लावली होती. हेलेबोरची पानं आणि फुलदांडे जमिनीलगतच्या ज्या गड्ड्यातून फुटतात, तो गड्डा मातीच्या पातळीत हवा. इथे तो दोन बोटं मातीखाली आणि वर सालीचा थर. गाडलेला गड्डा एक तर कुजतो, नाही तर फुलायचं विसरतो.

भिंतीलगतच्या पट्ट्याची गोष्ट उलटी. चिकणमाती, वर गळका पन्हाळ, खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं ते दुसऱ्या दिवशीही तळाला साचलेलं. सफरचंदाखाली मात्र माती काळसर, हातात दाबली तर गोळा होणारी आणि बोटाने टोचली की फुटणारी. वर्षानुवर्षं तिथे पानं पडून कुजली होती. हिवाळ्यात झाड निष्पर्ण, त्यामुळे डोक्यावर मोकळं आकाश. उन्हाळ्यात कडक उन्हाच्या वेळी पानांची चाळणी. हेलेबोरच्या रानातल्या जाती राहतात त्या अशाच पानगळीच्या झाडांखाली आणि रानाच्या कडेला.

एकाच अंगणात तीन सावल्या होत्या: कोरडी, दलदलीची आणि चाळणीतली. चिठ्ठीवर मात्र एकच शब्द.

कोणते पर्याय होते

यजमानांचा दुसरा पर्याय प्लास्टिकच्या हिरवळीचा. त्यावर ताईंनी एवढंच म्हटलं की मग बाग कशाला घेतली, फ्लॅट काय वाईट होता. तो विषय तिथे मिटला.

कुंड्यांचा विचार जास्त वेळ चालला. कुंडी हलवता येते, माती आपल्या मनासारखी देता येते. पण हेलेबोरची मुळं खोल जातात, कुंडी मोठी लागते, आणि उन्हाळ्यात सुट्टीला तीन आठवडे भारतात गेलं की पाणी कोण घालणार? नळीबंदीच्या काळात शेजाऱ्याला झारी घेऊन फेऱ्या मारायला सांगणं बरं दिसत नाही. हा पर्याय एका वेगळ्या झाडासाठी पुढे उपयोगी पडला.

सगळं उपटून नव्याने खरेदी करायची, हाही मार्ग होता, आणि पैशाच्या बाजूने तो फार वाईट नव्हता. हेलेबोरला हलवलेलं आवडत नाही. मोठं रोप उचलून दुसरीकडे लावलं की ते वर्षभर रुसतं. नर्सरीतलं नवं रोप कदाचित त्याच्याआधी फुलेल. पण आठांतली सात जिवंत होती, आणि ताईंचा जीव त्या जांभळट काळ्या रोपात अडकला होता. जुनीच रोपं सफरचंदाखाली हलवायचं ठरलं.

कधी हलवायची

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात नाजूक निर्णय हाच. ऑगस्टअखेर रोपं डोळ्यांदेखत मरत होती. आत्ताच उचलली तर वाचतील असं वाटणं साहजिक होतं. पण तहानलेल्या रोपाची मुळं तोडून त्याला तापलेल्या मातीत बसवलं, तर ते दुहेरी ओझं. उलट थांबलं तर एखाद-दुसरं हातचं जाणार.

थांबायचं ठरलं. महिनाभर तिथल्या तिथे पाणी द्यायचं, झारीने, कारण बंदी नळीला होती, झारीला नव्हती. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी स्वयंपाकघरात बादलीत साठवायला सुरुवात झाली. हे सासूबाईंनी फोनवरून सुचवलं. दुष्काळात पाणी कसं पुरवायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सालीचा थर बाजूला करून गड्डे उघडे केले. या महिन्याभरात एक रोप गेलं. सहा उरली.

सप्टेंबरअखेर पाऊस झाला, माती अजून कोमट होती, आणि हेलेबोरची नवी मुळं याच दिवसांत सुटतात. आदल्या दिवशी भरपूर पाणी घालून, मोठ्या गोळ्यासकट रोपं उचलली. लेलँडीची मुळं कापायला जुनी करवत लागली. सफरचंदाखाली सलग वाफा न खणता त्याच्या जाड मुळांच्या मधे सापडतील तिथे खड्डे घेतले. झाडाचं मूळ आडवं आलं की खड्डा हातभर सरकवायचा. मातीत कुजलेला पालापाचोळा मिसळला. चुना घालायचा का, असं ताईंनी विचारलं, कारण हेलेबोरला किंचित अल्कलीकडे झुकणारी माती मानवते असं त्यांनी वाचलं होतं. पण त्या भागातलं नळाचं पाणीच चुन्यामुळे इतकं जड आहे की किटलीच्या तळाला पांढरी पुटं धरतात. चुन्याची गरज नव्हती.

गड्डा जमिनीच्या पातळीत आहे ना, हे पाहायला खड्ड्यावर काठी आडवी ठेवली. पानांचं आच्छादन चार बोटं जाड, पण गड्ड्याच्या भोवती मोकळी जागा ठेवून.

त्या नोव्हेंबरात सफरचंदाची पानं काळ्या पिशव्यांत भरून, थोडी ओली करून, पिशव्यांना भोकं पाडून शेडच्या मागे ठेवून दिली. वर्ष-दीड वर्षाने त्यांचं जे होतं त्याला तोड नाही, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

डिसेंबरची घाबरगुंडी

डिसेंबर २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी ताईंचा फोटो आला: कोवळे फुलदांडे जमिनीवर सपाट आडवे, पानं लोळागोळा. खाली एकच ओळ: ‘संपलं सगळं.’ मी उत्तर दिलं की हात लावू नका. हेलेबोर गोठण्याच्या वेळी पेशींतलं पाणी मागे घेऊन अंग टाकतं आणि ऊब आली की पुन्हा उभं राहतं. आठवड्याने थंडी ओसरल्यावर, दुपारच्या जेवणापर्यंत सगळे दांडे उभे झालेले ताईंनी स्वतः पाहिले. कुणी कळवळून कोमट पाणी घातलं असतं किंवा ‘मेलेले’ दांडे कापले असते, तर त्या वर्षीची फुलं गेली असती.

काळे डाग

जानेवारीत पानं कापायचा प्रश्न आला. संकर हेलेबोरची जुनी पानं डिसेंबर-जानेवारीत, कळ्या वर यायच्या बेतात असताना, बुडापासून कापतात. फुलं मोकळी दिसतात हे एक. खरं कारण म्हणजे करपा. या बुरशीचे गोल-लंबगोल, तपकिरी-काळे डाग जुन्या पानांवर असतात आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर नव्या पालवीवर जातात. ताईंनी पानं ठेवली. रोपं नुकतीच हललेली, प्रत्येकाला चार-पाचच पानं. तीही कापली तर ती खाणार काय, असा त्यांचा विचार. मला तो आजही अगदी चुकीचा वाटत नाही. पण मार्च २०२३ इंग्लंडात चाळीसेक वर्षांतला सर्वांत ओला मार्च ठरला आणि एप्रिलमध्ये सहाही रोपांच्या नव्या पानांवर काळं दिसायला लागलं.

इथे यजमान पुन्हा वाचून आले होते. हेलेबोरचा ‘काळा मृत्यू’ म्हणतात असा एक विषाणू आहे. तो मावा किड्यांमार्फत पसरत असावा असं मानतात, त्यावर औषध नाही, रोप उपटून नष्ट करणं हाच उपाय. त्यांचं म्हणणं: सहाही उपटा, माती बदला.

दोन्ही रोगांत पान काळं पडतं, पण काळं कुठे पडतं ते पाहायचं असतं. आम्ही एकेक पान उन्हासमोर धरून पाहिलं. पाच रोपांवर गोल डाग होते, पैशाएवढे, एकमेकांत मिसळलेले, शिरांशी काही घेणं-देणं नसलेले. पान बाकी निरोगी, आकार व्यवस्थित. हा करपा. सहाव्या रोपावर चित्र वेगळं. काळ्या रेघा शिरांच्या बाजूने धावत गेलेल्या, जाळं विणल्यासारख्या. नवी पानं आखडलेली, वेडीवाकडी, दांड्यांवरही काळ्या पट्ट्या. पानांच्या मागे मावा. ते रोप नेमकं जांभळट काळं होतं.

प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय विषाणूची खात्री देता येत नाही. पर्याय दोन: खूण करून एक हंगाम वाट पाहायची, किंवा शंकेवर काढून टाकायचं. मी काढायच्या बाजूने होतो, कारण शेजारची पाच रोपं हातभर अंतरावर होती आणि मावा चालू होता. ताईंना दोन दिवस लागले. मग त्यांनी स्वतः ते गोळ्यासकट काढलं, पिशवीत बांधलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं, खताच्या ढिगात नाही. उरलेल्या पाचांची डागाळलेली पानं कापली, तीही कचऱ्यातच. मावा साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून चोळून काढला, हातमोजे घालून. सरसकट उपटणं आणि काहीच न करणं, या दोन्हींच्या मधला हा मार्ग पानं वाचल्यामुळे सापडला.

देवघराचा प्रश्न

हा भाग मला इंग्रजी बागकामाच्या कुठल्या पुस्तकात सापडला नसता. २०२४ च्या जानेवारीत सासूबाई आलेल्या होत्या. साताऱ्याच्या दारात जास्वंद आणि प्राजक्त, इथे खिडकीतून दिसतात ती फक्त हेलेबोरची फुलं. त्यांनी पांढरी फुलं खुडली आणि बाळकृष्णाला वाहिली. ताम्हणात, अभिषेकाच्या पाण्यात. संध्याकाळपर्यंत त्यांची बोटं लाल होऊन खाजू लागली.

हेलेबोरचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि चीक कातडीला लागला की आग होते. बोटांचं दुखणं दोन दिवसांत गेलं. खरा धोका ताम्हणात होता, कारण ते पाणी तीर्थ म्हणून मुलीच्या हातावर पडलं असतं. त्या दिवशी ती लवकर शाळेला गेली होती म्हणून पडलं नाही.

यजमान म्हणाले, सगळं उपटून टाका. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, “आपल्या दारात कण्हेर असते, ती काय अमृत आहे? शंकराला धोतरा वाहतोच की. तुम्ही पोरं वाढलातच ना?” यावर उत्तर देणं सोपं नव्हतं, कारण मुद्दा बरोबर होता. कण्हेर हेलेबोरपेक्षा कमी विषारी नाही. फरक इतकाच की कण्हेर तोंडात घालायची नसते हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं. या नव्या फुलाची ओळख घरात कुणालाच नव्हती.

तडजोड अशी झाली. हेलेबोर राहणार. कापताना हातमोजे. मुलीला झाड दाखवून, कण्हेरीसारखंच, हे बघायचं, हात लावायचा नाही, असं सांगितलं. देवाला ही फुलं नाहीत, पाण्यात तर मुळीच नाहीत. आणि देवासाठी वेगळं झाड आणायचं. ते झाड म्हणजे कॅमेलिया. सावली सोसतं, विषारी नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये लालभडक फुलं. त्याला आम्ल माती लागते आणि तिथलं पाणी जड, म्हणून मोठी कुंडी, आम्लप्रेमी झाडांचं तयार मिश्रण आणि पावसाचं पाणी. गळका पन्हाळ दुरुस्त करून खाली पिंप ठेवलं. भिंतीलगतच्या ज्या पट्ट्याचं काय करावं कळत नव्हतं, तिथे कुंडी बसली, आणि पाणी मुरायचं थांबल्याने पट्टाही सुकू लागला. सासूबाईंचं मत: “फूल बरं आहे, वास नाही.”

खुडलेली हेलेबोर तशीही फुलदाणीत माना टाकतात. देठाशिवाय नुसती फुलं पसरट भांड्यात पाण्यावर सोडली की टिकतात, आणि एरवी जमिनीकडे असलेला तोंडाचा भाग वर येतो. ताईंच्या दिवाणखान्यात आता ती पितळी परातीत असतात, उंच कपाटावर.

परिणाम

२०२४ चा फेब्रुवारी इंग्लंडातला आजवरचा सर्वांत उबदार ठरला. फुलं लवकर आली आणि पाचही रोपांवर आली. पानं त्या वर्षी वेळेवर कापली होती; नव्या पालवीवर डाग क्वचित. काळ्या रेघांचं रोप पुन्हा दिसलं नाही. २०२५ मध्ये फुलांचा भर त्याहून जास्त होता, आणि भुंग्यांच्या राण्या, हिवाळी झोपेतून नुकत्या उठलेल्या, दुपारी घिरट्या घालताना दिसू लागल्या.

गेलेल्या रोपाच्या जागी नवं घेताना ताई दुहेरी फुलाच्या मोहात होत्या. ही दुहेरी जात बरीचशी केंटमधल्या एलिझाबेथ स्ट्रँगमन या नर्सरीवाल्या बाईंना १९७१ मध्ये मॉन्टेनेग्रोत सापडलेल्या रानटी दुहेरी रोपांपासून पुढे आली. दिसायला देखणी, पण मधाच्या नळ्यांची जागा जादा पाकळ्यांनी घेतलेली, भुंग्याला फारसं काही मिळत नाही. मुलीने भुंग्यांच्या बाजूने मत दिलं. एकेरी आलं.

लेलँडीचा पायथा मोकळाच राहिला होता. तिथे ब्रिटनचीच रानटी जात, ‘स्टिंकिंग हेलेबोर’, लहान रोपं असतानाच लावली. कोरडी सावली तिला चालते. ती फार वर्षं जगत नाही, पण बी टाकत राहते. तिची पानं मात्र हिवाळ्यात कापायची नाहीत. आदल्या वर्षीच्या दांड्याच्या शेंड्यावरच फुलं येतात, दांडा कापायचा तो फुलं संपल्यावर. तिच्या फुलातल्या मधात यीस्ट वाढतं आणि साखर खाताना थंडीत फुलाला आतून किंचित ऊब देतं, असं दक्षिण स्पेनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. वासाबद्दल म्हणाल तर नावाइतका वाईट नाही. पान चुरगाळलं तरच.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या हिवाळ्यात काहीही न लावता नुसती बाग पाहिली असती तर शंभरावर पौंड वाचले असते. डिसेंबर, मार्च आणि जूनमध्ये दुपारी बारा वाजता एकेक फोटो काढणं पुरेसं होतं. आणि रोप घ्यायच्या आधी त्या जागी वीतभर खणून पाहणं. लेलँडीची मुळं चिठ्ठीने नाही, खुरप्याने सांगितली असती.

ऑगस्टमध्ये थांबण्याचा निर्णय एका रोपाला महागात पडला. तरी मी पुन्हा थांबायलाच सांगेन. एक करता आलं असतं: लेलँडीकडच्या बाजूने कुदळीने चर मारून मुळं तोडली असती, तर दिलेलं पाणी रोपाला जास्त मिळालं असतं. जानेवारी २०२३ मध्ये सगळी पानं ठेवण्याऐवजी डागाळलेली तेवढी काढायची, हा मधला मार्ग तेव्हा कुणाच्या बोलण्यात आला नाही.

देवघराचा प्रसंग टाळता आला असता, तो फक्त घरात नवं झाड आलं त्या दिवशी सगळ्यांना एकत्र सांगून. बाग ताईंची, देव सासूबाईंचे; दोन्ही कामं एका फुलावर येऊन भेटतील असं कुणाच्या मनात आलं नाही. इथल्या गार्डन सेंटरच्या चिठ्ठीवर विषाचा इशारा बारीक अक्षरात असतो, आणि ती चिठ्ठी इंग्रजीत.

आता नवा निर्णय समोर आहे. मे-जूनमध्ये शेंगा फुटल्या, मुंग्यांनी बिया ओढून नेल्या, आणि सफरचंदाखाली, फरशीच्या फटींत, अगदी कॅमेलियाच्या कुंडीतही रोपं उगवली आहेत. फुलायला तिसरं वर्ष उजाडेल आणि रंग आईचा येईलच असं नाही. बरीचशी मळकट गुलाबी निघतात. ताईंना ती मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटायची आहेत. मी म्हटलं, अजून एक वसंत जाऊ द्या. नव्या पालवीवर काळ्या रेघा नाहीत ना, ते पाहू, मग वाटा. यजमान म्हणतात, प्रत्येक कुंडीला ‘खाऊ नये’ अशी मराठी चिठ्ठी लावा. सासूबाई म्हणतात, वाण म्हणून विष कुणी देतं का. यंदा बहुधा कॅमेलियाची छाट कलमं होतील.